दर सीझनला सकाळी साडेसातला येणारा ‘पाचशे’

“ते पाचशे आलं बघ परत.”

दिंडोरीकडच्या एका द्राक्षाच्या पॅकहाऊसमधून अण्णांचा फोन आला की सुरुवात अशीच व्हायची. जानेवारीत माल सुरू झाला की हा फोन ठरलेला, एप्रिलमध्ये माल संपला की फोनही बंद. सलग दोन सीझन हे चाललं आणि दोन्ही वेळा मला कारण सापडलं नाही. मी म्हसरूळच्या घरी डोळे चोळत लॅपटॉप उघडेपर्यंत त्यांची पावत्यांची साइट टकाटक चालू असायची. अण्णांचा भाचा तोवर पॅनलमध्ये जाऊन सर्व्हर रिस्टार्ट करून मोकळा झालेला असायचा. “रिस्टार्ट मारला की होतं दादा नीट,” हे त्याचं ठाम मत होतं, आणि रोज सकाळी ते खरंही ठरत होतं.

तिसऱ्या सीझनला मी एक गोष्ट वेगळी केली आणि पंधरा मिनिटांत उत्तर हातात आलं. ते नंतर सांगतो. तुमच्याकडेही हा ५००, म्हणजे ‘इंटर्नल सर्व्हर एरर’, येतो, जातो आणि पुन्हा येतो असं होत असेल तर आधी थोडी पायाभरणी करू. कमांड, फाइली आणि एरर मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर त्या अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या.

५०० आपल्याला काय सांगतो

जवळजवळ काहीच नाही. सर्व्हर एवढंच म्हणतो, “माझ्या घरात काहीतरी बिनसलंय, काय ते तुला सांगणार नाही.” ४ ने सुरू होणारे कोड म्हणजे मागणाऱ्याची चूक: ४०४ असेल तर पान नाही, ४०३ असेल तर परवानगी नाही. ५ ने सुरू होणारे कोड म्हणजे देणाऱ्याची चूक. त्यातही ५०२, ५०३ आणि ५०४ थोडं तरी बोलतात. ५०२ म्हणजे पुढच्या सर्व्हरला मागच्याकडून भलतंच उत्तर आलं किंवा आलंच नाही, ५०३ म्हणजे सध्या सेवा देता येत नाही, ५०४ म्हणजे मागच्याची वाट बघून कंटाळलो. ५०० मात्र मुका आहे. म्हणून स्क्रीनवरचा तो मजकूर कॉपी करून इंटरनेटवर शोधत बसण्यात अर्थ नसतो. त्या शोधातून मिळणारी पंचवीस उत्तरं पंचवीस वेगवेगळ्या रोगांवरची असतात.

खरी गोष्ट एरर लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या चुकांच्या नोंदवहीत असते. ती कुठे सापडेल हे साइट पुरवणारं सॉफ्टवेअर अपाचे आहे की एनजिनएक्स यावर ठरतं. उबुंटू किंवा डेबियनवर अपाचे असेल तर /व्हार/लॉग/अपाचे२/एरर.लॉग, अल्मालिनक्ससारख्या रेड हॅट घराण्यात /व्हार/लॉग/एचटीटीपीडी/एरर_लॉग, एनजिनएक्स असेल तर /व्हार/लॉग/एनजिनएक्स/एरर.लॉग. पॅनलवाल्या होस्टिंगमध्ये ‘एरर्स’ किंवा ‘लॉग्ज’ नावाचा एखादा कोपरा असतो. पीएचपीचा, म्हणजे साइटचा कोड ज्या भाषेत असतो तिचा, लॉग बऱ्याचदा वेगळा असतो. तो विसरू नका, कारण पीएचपीत एरर दाखवणं बंद ठेवलेलं असेल (लाइव्ह साइटवर ते बंदच असायला हवं) आणि स्क्रिप्ट मध्येच मेली, तर पाहुण्याला पांढरं पान आणि ५०० एवढंच मिळतं. मेल्याचं कारण त्या लॉगातच असतं.

वर्डप्रेस असेल तर डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये डीबग आणि डीबग-लॉग दोन्ही ट्रू करा आणि डीबग-डिस्प्ले फॉल्स ठेवा. मग डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमध्ये डीबग.लॉग तयार होतो. काम झालं की बंद करायला विसरू नका. ती फाइल बाहेरून कोणालाही उघडता येऊ शकते, आणि मी अशा उघड्या फाइली नाशिकच्याच दोन-तीन साइटवर पाहिल्यात.

रिस्टार्ट करण्याआधी थांबा

येऊन-जाऊन असणाऱ्या एररमध्ये सर्वात मोठं नुकसान रिस्टार्टच करतो. कोणती प्रोसेस अडकली होती, मेमरी किती शिल्लक होती, डेटाबेस कोणासाठी खोळंबला होता, हे सगळं त्या क्षणाला सर्व्हरमध्ये जिवंत असतं आणि रिस्टार्टबरोबर पुसलं जातं. पंचनामा होण्याआधीच घर धुऊन काढल्यासारखं आहे ते. शिवाय दुसरा धोका आहे: जो त्रास पाच-सात मिनिटांत आपोआप जाणारच होता, त्याचं श्रेय रिस्टार्टला मिळतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते आणि मग पुढची दोन वर्षं सगळे कावळ्याच्याच मागे.

तेव्हा बोट त्या बटणावर जाण्याआधी दोन मिनिटं द्या. घड्याळातली वेळ सेकंदासकट लिहा. कोणतं पान होतं आणि काय दाबल्यावर झालं ते लिहा. नुसतं उघडल्यावर झालं की सेव्ह केल्यावर, हा फरक फार महत्त्वाचा आहे. टर्मिनल हाताशी असेल तर ‘फ्री -एम’, ‘डीएफ -एच’, ‘डीएफ -आय’ आणि ‘टॉप’ यांचा आउटपुट एका फाइलमध्ये टाका. मेमरी, डिस्कची जागा, फाइलींची संख्या आणि चालू प्रोसेस त्यात दिसतात. डेटाबेस मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी असेल तर ‘शो फुल प्रोसेसलिस्ट’ चालवा, म्हणजे डेटाबेसमध्ये कोण काय करतंय आणि कोण खोळंबलंय ते दिसतं. या शेवटच्या कमांडने मला आजवर जितक्या वेळा वाचवलंय तितकं दुसऱ्या कशानेच नाही.

तुम्ही जागेवर नसणार हे उघड असेल तर हेच सगळं दर मिनिटाला एका फाइलमध्ये लिहिणारी चार ओळींची स्क्रिप्ट क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीवर लावा. दोन-तीन दिवसांत चोर सापडतो. मग ती काढून टाका, नाहीतर ती फाइलच एक दिवस डिस्क भरेल आणि तुम्हाला नवीन ५०० देईल.

अण्णांच्या पॅकहाऊसमधली वही

पहिल्या सीझनला मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. पीएचपीची मेमरी १२८ एमबी होती, ती ५१२ केली. स्क्रिप्टची कमाल वेळ ३० सेकंद होती, ती ३०० केली. अंधारात तीर. दोन्हींचा उपयोग शून्य. दुसऱ्या सीझनला अण्णांना म्हणालो, “सर्व्हर मोठा घेऊ.” घेतला. बिल वाढलं, पाचशे तसाच. अण्णा काही बोलले नाहीत, पण त्या वर्षी पेटी नेहमीपेक्षा लहान आली.

तिसऱ्या जानेवारीत ठरवलं, आता फोनवर नाही. निफाडला पारा खाली गेल्याच्या बातम्या होत्या, त्या थंडीत सकाळी साडेसहाला म्हसरूळहून गाडी काढली आणि सातला पॅकहाऊसवर पोचलो. पहिला टेम्पो उतरत होता. काट्याशेजारच्या टेबलावर माल आवक घेणाऱ्या ताई बसल्या होत्या. समोर कॉम्प्युटर, पलीकडे लहान प्रिंटर आणि कॉम्प्युटरशेजारी एक लांबट वही.

“ही कशाला?” मी विचारलं.

“सकाळचं हे बंद पडतं ना थोडा वेळ. तेवढ्या पावत्या हातानं लिहिते, मग चढवते.”

वही उघडली. प्रत्येक ओळीत शेतकऱ्याचं नाव, क्रेट, वजन आणि शेवटच्या रकान्यात वेळ. ताईंना कोणी सांगितलं नव्हतं, पण गाडीची वेळ लिहायची त्यांची जुनी सवय. गेल्या पंधरा दिवसांच्या हातपावत्या होत्या. ७.३१, ७.३४, ७.३२, ७.३६, ७.३३. साडेसातच्या आधी एकही नाही आणि पावणेआठच्या नंतर एकही नाही.

दोन वर्षं मी ज्या लॉगची वाट बघत होतो तो इथे, निळ्या बॉलपेनने लिहिलेला होता.

मी लॅपटॉप उघडला आणि लॉगमध्ये साडेसात शोधलं. काही नाही. दोन वर्षं मी हेच करत आलो होतो: ‘०७:३’ असा मजकूर ग्रेप कमांडने शोधायचा (द्राक्षवाल्यांच्या गावात हे नाव ऐकून अण्णा हसले होते) आणि दोन-चार बॉटच्या ओळींपलीकडे काही दिसत नाही म्हणून डोकं खाजवायचं. या वेळी डोळ्यांसमोर ती वही होती म्हणून शंका आली. ‘डेट’ कमांड चालवली. सर्व्हर म्हणाला, पहाटेचे पावणेदोन.

सर्व्हर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होता. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. आपले सकाळचे साडेसात म्हणजे त्याचे मध्यरात्रीनंतरचे बरोबर २. लॉगमध्ये ‘०२:०’ शोधलं आणि ओळींची रांग लागली. रोज, न चुकता, २ वाजून १ मिनिटाच्या आसपास पहिली ओळ: ‘एमओडी_एफसीजीआयडी: रीड डेटा टाइमआउट इन ४० सेकंड्स’. तिच्या पाठोपाठ ‘एंड ऑफ स्क्रिप्ट आउटपुट बिफोर हेडर्स’.

वेळेच्या या भानगडीवर जरा थांबतो, कारण यात भलेभले फसतात. अपाचेच्या नेहमीच्या एरर लॉगात वेळ असते पण कुठल्या देशाची ते लिहिलेलं नसतं. ॲक्सेस लॉगात मात्र वेळेच्या शेवटी ‘+००००’ किंवा ‘+०५३०’ असं शेपूट असतं, त्यावरून कळतं. पीएचपीचा लॉग स्वतःच्या टाइमझोननुसार लिहितो, म्हणजे एकाच सर्व्हरवरच्या दोन लॉगांत एकाच घटनेची वेळ साडेपाच तासांच्या फरकाने दिसू शकते. सगळ्यात आधी ‘डेट’ चालवा, मगच लॉग उघडा.

तर २ वाजता काय होतं? ‘क्रॉनटॅब -एल’ केलं आणि कपाळावर हात मारला. रात्री २ वाजता डेटाबेसचा बॅकअप. ती ओळ दोन वर्षांपूर्वी मीच लिहिली होती. रात्री दोनला कोण जागं असतं, असा विचार करून. सर्व्हरच्या रात्रीचे दोन म्हणजे दिंडोरीत पहिला टेम्पो काट्यावर येण्याची वेळ, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

त्या दिवशी साडेसात व्हायची वाट बघत बसलो. ७.३० झाले. ताईंनी एक पावती सेव्ह केली. चक्र फिरायला लागलं. मी प्रोसेसलिस्ट बघितली: वर बॅकअप घेणारा मायएसक्यूएलडंप आरामात टेबलं वाचत बसलाय आणि खाली ‘वेटिंग फॉर टेबल’ने सुरू होणारी स्थिती घेऊन एक अपडेट, मग दुसरी, मग तिसरी. चाळीस सेकंद झाले आणि ताईंच्या स्क्रीनवर पाचशे. ७.३७ ला डंप संपला आणि रांग एका दमात मोकळी झाली. रिस्टार्ट कोणी केलाच नाही, तरी साइट सुरू. भाचा माझ्या खांद्यावरून बघत होता. काही बोलला नाही, चहा सांगायला गेला.

आतला हिशेब असा. मायएसक्यूएलडंप काही न सांगता चालवला तर एका डेटाबेसची सगळी टेबलं आधी कुलूपबंद करतो आणि मग वाचतो. वाचणाऱ्यांना अडवत नाही, म्हणून साइट उघडत होती, यादी दिसत होती. लिहिणाऱ्यांना मात्र थांबवतो. आमच्या पावतीत सेव्ह दाबलं की पुढच्या पावती क्रमांकाच्या टेबलात एक अपडेट होत असे, आणि तो कुलपाबाहेर उभा राहत असे. इकडे अपाचेचं एफसीजीआयडी मोड्यूल पीएचपीच्या उत्तरासाठी वेगळं काही ठरवलं नसेल तर ४० सेकंद थांबतं. तेवढ्यात अक्षरही आलं नाही की ५०० देऊन मोकळं होतं. आणि पहिल्या सीझनला मी पीएचपीची वेळ ३० ची ३०० केली ती का वाया गेली? लिनक्सवर त्या मर्यादेत स्क्रिप्टने स्वतः राबवलेला वेळच धरला जातो, डेटाबेसच्या दारात उभं राहण्यातला वेळ मोजलाच जात नाही. ती मर्यादा इथे कधी लागूच झाली नव्हती.

मग फक्त सीझनलाच का? कारण बॅकअप बारा महिने चालत होता, पण मे ते डिसेंबर सकाळी साडेसातला पावती करायला कोणी नसायचं.

उपाय दोन भागांत केला. त्याच दिवशी क्रॉनची ओळ ‘३० २१’ केली. सर्व्हरचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे आपले पहाटेचे तीन. पण हा झाला तात्पुरता टाका. उद्या कोणी रात्रपाळीत पावत्या करायला लागलं तर पुन्हा तेच. खरा उपाय डंपला ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय देणं. मग तो कुलूप न लावता त्या क्षणाचं चित्र धरून वाचतो. मात्र हे फक्त इनोडीबी टेबलांना लागू (इनोडीबी आणि मायआयसॅम ही टेबल साठवण्याची दोन इंजिनं). मायएसक्यूएल ५.५ पासून नवीन टेबल काही न सांगता इनोडीबीच बनतं, पण अण्णांचा डेटाबेस कोणा जुन्या सॉफ्टवेअरवाल्याकडून उचललेला, त्यातली अर्धी टेबलं मायआयसॅम. मायआयसॅमवर हा पर्याय वापरला तर एरर येत नाही, पण बॅकअप आतून विसंगत होऊ शकतो, म्हणजे रोग बरा आणि औषध खोटं. म्हणून एप्रिलमध्ये माल संपल्यावर, आधी पूर्ण बॅकअप घेऊन, एकेक टेबल इनोडीबीत बदललं. ‘शो टेबल स्टेटस’ केलं की इंजिनच्या रकान्यात कोणतं टेबल कशात आहे ते दिसतं.

एफसीजीआयडीची थांबण्याची मर्यादा डंप संपेपर्यंत पुरेल इतकी वाढवली असती तरी एरर दिसायचा थांबला असता. ताई मात्र काट्यासमोर पाच-सात मिनिटं फिरणारं चक्र बघत बसल्या असत्या. टाइमआउट वाढवणं म्हणजे ताप उतरला की नाही हे न बघता थर्मामीटर खिशात टाकणं. मी आता ते सगळ्यात शेवटी करतो.

वेळेशी न बांधलेले पाचशे

तुमच्या नोंदीत वेळ सारखी निघत नसेल, तर दुसरी कसली तरी पुनरावृत्ती शोधा. कोणासोबत होतं, कोणत्या पानावर, काय चढवताना.

एका रोपवाटिकेच्या साइटवर शेतकरी पानांचे फोटो पाठवत. काहींचा फोटो जाई, काहींना ५००. लोकांनी तर्क काढला की साधा फोन असेल तर जातो, महागड्या फोनवरून जात नाही. आणि गंमत म्हणजे तर्क बरोबर होता! वर सांगितलेल्या त्याच मोड्यूलमध्ये एका विनंतीची मर्यादा वेगळी ठरवली नसेल तर १,३१,०७२ बाइट, म्हणजे १२८ केबी असते. साध्या फोनचा दाबलेला फोटो त्यात मावे, चांगल्या कॅमेऱ्याचा मावत नसे. पीएचपीतली अपलोडची मर्यादा कितीही वाढवा, विनंती तिथवर पोचतच नाही. लॉगात ‘मॅक्सरिक्वेस्टलेन’ हा शब्द दिसला की हेच. ‘एफसीजीआयडीमॅक्सरिक्वेस्टलेन’ वाढवायचं आणि मोकळं व्हायचं.

डिस्क भरणं हे कारण इतकं साधं आहे की लोक ते शेवटी तपासतात. लॉगात ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असतं. पण खरी मजा तेव्हा, जेव्हा हीच ओळ येते आणि ‘डीएफ -एच’ मात्र चाळीस टक्के जागा मोकळी दाखवतं. तेव्हा ‘डीएफ -आय’ करा. जागा शिल्लक असते, पण फाइलींची संख्या संपलेली असते. आयनोड म्हणतात त्याला. कोठीत जागा आहे पण पावतीपुस्तकच संपलंय, मग माल आत घेणार कसा? लाखो बारक्या फाइली कुठून येतात? बहुतेक वेळा पीएचपीच्या सेशन फाइली, म्हणजे प्रत्येक पाहुण्याच्या भेटीची तात्पुरती नोंद. डेबियन-उबुंटूवर जुनी सेशनं पीएचपी स्वतः साफ करत नाही. त्यासाठी वेगळं ठराविक काम लावलेलं असतं आणि ते कॉन्फिगमध्ये लिहिलेल्या फोल्डरमध्येच झाडू मारतं. तुमच्या सॉफ्टवेअरने कोडमधून सेशनसाठी स्वतःचं फोल्डर ठरवलं असेल तर तिथे झाडू कोणीच मारत नाही. काही महिन्यांनी भरतं, तुम्ही साफ करता, काही महिन्यांनी पुन्हा. महिन्यांच्या अंतराने परतणारा ५०० असेल तर मी आधी इथे बघतो.

याचाच एक चुलतभाऊ: भली मोठी लॉग फाइल तुम्ही डिलीट केली, तरी जागा मोकळी होत नाही. कारण अपाचेने ती फाइल अजून हातात धरलेली असते. ‘एलएसओएफ +एल१’ ने अशा डिलीट केलेल्या पण उघड्या फाइली दिसतात. तिथे मात्र रीलोड किंवा रिस्टार्टच लागतो, आणि तो मी बिनदिक्कत करतो.

मेमरीचे दोन वेगळे प्रकार लोक एकत्र करतात. लॉगात ‘अलाउड मेमरी साइझ ऑफ १३४२१७७२८ बाइट्स एक्झॉस्टेड’ असेल तर एका स्क्रिप्टने तिच्या वाट्याचे १२८ एमबी संपवले. मर्यादा वाढवण्याआधी ती स्क्रिप्ट एवढं काय गिळतेय ते बघा. बहुतेकदा पूर्ण टेबल एकदम उचललेलं असतं. आणि लॉगात काहीच नसेल, डेटाबेसच गायब झाला असेल, तर ‘डीमेसेज’ या कमांडच्या आउटपुटमध्ये, म्हणजे कर्नलच्या (सिस्टीमच्या गाभ्याच्या) नोंदींत ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’ शोधा. पूर्ण सर्व्हरची मेमरी संपल्यावर कर्नल एखादा बळी घेतो आणि तो बळी बहुतेकदा मायएसक्यूएल असतो, कारण घरात सर्वात जाडा तोच. इथे पीएचपीची मर्यादा वाढवलीत तर आगीत तेल.

डॉट एचटीॲक्सेस, म्हणजे फोल्डरमध्ये ठेवलेली अपाचेच्या नियमांची फाइल, तिची चूक सरळ असते: फाइल सेव्ह केली आणि त्याच क्षणी पूर्ण साइट ५००. ही फाइल अपाचे प्रत्येक विनंतीला नव्याने वाचतो, म्हणून. फाइलीचं नाव बदलून बघा, साइट उठली तर दोष तिथेच. ‘कॉन्फिगटेस्ट’वर विसंबू नका, तो ही फाइल तपासत नाही. सर्व्हर बदलल्यावर किंवा पीएचपी अपाचेच्या आतून काढून एफपीएमवर (पीएचपी वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवणाऱ्या सेवेवर) नेल्यावर जुन्या ‘पीएचपी_व्हॅल्यू’च्या ओळी ‘इनव्हॅलिड कमांड’ म्हणून अंगावर येतात. रीराइटचे (पत्ता बदलून दुसरीकडे वळवण्याचे) नियम एकमेकांकडे बोट दाखवत राहिले तर अपाचे १० फेऱ्यांनंतर हात टेकतो आणि लॉगात तसं लिहितोही. आणि व्हॉट्सॲपवरून आलेला कोड थेट पेस्ट करू नका, त्यातली अवतरणचिन्हं वळणदार झालेली असतात. एका ओळीतलं एक चिन्ह शोधायला मी एकदा रविवार घालवलाय.

परवानग्यांबद्दल थोडक्यात: फोल्डर ७५५, फाइल ६४४. काही चालेना म्हणून ७७७ करणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय उपाय आहे, पण सूएग्झेकसारखी, म्हणजे स्क्रिप्ट खातेदाराच्या नावाने चालवणारी, व्यवस्था असलेल्या होस्टिंगवर ७७७ हेच ५०० चं कारण असतं. सगळ्यांना लिहिता येईल अशा ठिकाणची स्क्रिप्ट ती चालवतच नाही.

होस्टिंगवाल्याने पीएचपीची आवृत्ती परस्पर वाढवली की जुना कोड कोसळतो. ७.० मध्ये जुनी मायएसक्यूएल फंक्शनं गेली, ८.० मध्ये ‘क्रिएट_फंक्शन’ आणि ‘ईच’ गेली. लॉगात ‘कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन’ दिसतं. जुन्या आवृत्तीवर मागे जाणं हा फक्त श्वास घेण्यापुरता उपाय.

पंचवटीतल्या लॉजवाल्यांना वेगळं सांगतो, कारण २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२७ चा आहे आणि बुकिंगच्या साइट आत्तापासून उभ्या राहतायत. पीएचपी-एफपीएम नवीन टाकलं की एका वेळी कमाल ५ प्रोसेस एवढीच सोय त्यात असते, आणि मायएसक्यूएलची जोडण्यांची मर्यादा १५१. गर्दी झाली की एफपीएमच्या लॉगात ‘रीच्ड पीएम.मॅक्स_चिल्ड्रन’ अशी तक्रार येते. आकडा डोळे झाकून ५० करू नका. एक प्रोसेस किती मेमरी खाते ते ‘टॉप’मध्ये बघा, डेटाबेसचा वाटा बाजूला काढा आणि उरलेल्यात किती बसतात ते भागाकार करून ठरवा. पर्वणीच्या दिवशी हा भागाकार करायला वेळ मिळणार नाही.

लॉग आपल्या हातात नसेल तर

शेअर्ड होस्टिंगवर बरंच काही दिसत नाही, सपोर्टवर अवलंबून राहावं लागतं. ‘साइट चालत नाही, लवकर बघा’ असं तिकीट टाकलं तर ‘आमच्याकडे चालू दिसतेय’ हेच उत्तर येणार, आणि त्यात त्यांचीही चूक नसते. मी आता या धाटणीचं तिकीट टाकतो:

‘मंगळवारी भारतीय वेळेनुसार सकाळी ७.३१.४०, म्हणजे यूटीसी २.०१.४० ला, पावती सेव्ह करताना ५०० आला. पानाचा पत्ता सोबत. माझा आयपी सोबत. नुसतं पान उघडताना येत नाही, सेव्ह करतानाच येतो. सोमवारी आणि रविवारीही याच वेळेला आला होता. त्या मिनिटातल्या एरर लॉगच्या ओळी पाठवा. सर्व्हर रिस्टार्ट करू नका.’

शेवटचं वाक्य वगळलंत, तर दहापैकी नऊ वेळा उत्तर येतं: ‘रिस्टार्ट केला आहे, आता तपासून बघा.’